बातमीचा खर्च कोण देतो?

वृत्तपत्राच्या स्वातंत्र्याची चर्चा निघाली की आपण बहुधा संपादकाबद्दल बोलतो. तो निर्भीड होता का, कुणापुढे वाकला का, मालकाशी त्याचे पटत होते का. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वृत्तपत्रांवरचे हे लेख एकत्र करताना मला मात्र दुसराच माणूस अधिक महत्त्वाचा वाटत गेला. तो तालुक्याच्या गावी राहतो. त्याच्याकडे ओळखपत्र असते, पगार नसतो. असते ते तुटपुंजे मानधन आणि आणलेल्या जाहिरातींवरचे कमिशन. शेवगावची किंवा अकोल्याची बातमी तोच पाठवतो, तिथल्या पतसंस्थेच्या वर्धापनदिनाची जाहिरात तोच आणतो आणि जाहिरात छापून आली की बिलाची वसुलीही त्याच्याच गळ्यात पडते. काही ठिकाणी अंकाची एजन्सीसुद्धा त्याच्याच घरात असते. दिवाळी आली, आवृत्तीचा वर्धापनदिन आला, की पुरवणीचे टार्गेट येते. ज्या दारात बिलासाठी तीनदा जाऊन उभे राहायचे, त्या दाराआडच्या कारभाराची बातमी त्याने कशी लिहावी?

जाहिरातदाराचा दबाव म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो संपादकाला आलेला फोन. असे फोन येतात. पण जिल्ह्यातला खरा दबाव फोनपर्यंत पोहोचतच नाही. ती बातमी लिहिलीच जात नाही, म्हणून ती थांबवावी लागत नाही. या पुस्तकाला जे सांगायचे आहे त्याचा गाभा हा आहे: संपादकीय स्वातंत्र्य अग्रलेखात शोधण्याआधी ते हिशेबाच्या वहीत शोधले पाहिजे.

महानगरातल्या दैनिकाला साबणाची किंवा मोटारीची जाहिरात एजन्सीमार्फत येते. जाहिरातदार दूर असतो आणि वाचकाच्या रोजच्या जगण्यावर त्याची सत्ता नसते. चौदा तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या या जिल्ह्यात तसे नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्या नमुन्यावर पुढे तालुक्यातालुक्यांत कारखाने झाले. कारखान्याभोवती दूध संघ, पतसंस्था, बँक, शिक्षणसंस्था, दवाखाना, बाजार समिती असा सगळा पसारा वाढला. त्याने दुष्काळी आणि कर्जबाजारी शेतकऱ्याला उभे केले, हे मी मनापासून मानतो. पण याच पसाऱ्यातून स्थानिक वृत्तपत्राची जाहिरात येते. बॉयलर अग्निप्रदीपन, गळीत हंगामाचा शुभारंभ, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस, निविदा, ताळेबंद, अध्यक्षांचा वाढदिवस, संस्थापकांचे पुण्यस्मरण, दिवाळीच्या शुभेच्छा: वर्षाचे पंचांगच त्या जाहिरातींवर चालते. इथे जाहिरात देणारा बातमीचा विषयही असतो आणि बातमी पुरवणाराही तोच असतो. अनेकदा तोच विधानसभेचा उमेदवार असतो, त्याच्याच संस्थेत वार्ताहराचा भाऊ नोकरीला असतो आणि वाचक त्याच कारखान्याचा सभासद असतो.

यातून काय घडते ते एका उदाहरणाने सांगतो. ऊस पोहोचवल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के दराने व्याज दिले पाहिजे, असे 1966 चा ऊस (नियंत्रण) आदेश सांगतो. म्हणजे पंधराव्या दिवशी बातमी तयार असते. ती शोधून काढायची नसते. तारीख मोजली की झाले. ती पहिल्या पानावर येते की आतल्या, कारखान्याच्या नावासह येते की ‘काही कारखान्यांकडे थकबाकी’ अशा मोघम मथळ्याखाली, व्याजाचा उल्लेख असतो की नसतो, हे पाहिले की त्या वृत्तपत्राची खरी ऐपत कळते. यासाठी कुणाच्या हेतूवर शंका घेण्याची गरज नाही. अंक समोर ठेवून कोणीही हे तपासू शकतो.

बातमीचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न मराठी वृत्तपत्राइतकाच जुना आहे आणि त्यात नगर जिल्ह्याचे स्थान फार आधीपासूनचे आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. ते 1840 मध्ये बंद पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1842 मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले ते अहमदनगरात. पुढे ते मुंबईला गेले. ‘ज्ञानोदय’ला जाहिरातदाराची पर्वा नव्हती, कारण खर्च मिशन करत होते, आणि म्हणूनच मिशनच्या धर्ममताबाहेर ते जाऊ शकत नव्हते. पैसा देणाऱ्याची छाया मजकुरावर पडते, हे या जिल्ह्याने छापखान्याबरोबरच पाहिले.

पुण्यात आगरकरांनी दुसरी बाजू दाखवली. ‘केसरी’चे संपादकपद असूनही सामाजिक सुधारणेवर मनासारखे लिहिता येत नाही म्हटल्यावर त्यांनी ते सोडले आणि 1888 मध्ये ‘सुधारक’ काढले. तो वाद मतांचा होता, पण पत्र कोणाचे आणि लेखणी कोणाची, हा सवालही त्यात होताच. जाहिरातीच्या रकान्यालाही मालक असतो आणि तो रकाना बंदही ठेवता येतो, याचे दर्शन 1920 मध्ये घडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारीला ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची साधी जाहिरात पैसे घेऊन छापायलाही ‘केसरी’ तयार झाला नाही, असे धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवले आहे. शाहू महाराजांनी ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपयांची मदत केली होती, तरीही ते 1923 मध्ये बंद पडले. जाहिरातदाराच्या प्रभावावर लिहिणारे बहुतेकजण जाहिरात छापल्याने काय बिघडते एवढेच पाहतात. जाहिरात नाकारण्याची ताकद कोणाच्या हाती आहे आणि ती कोणावर चालवली जाते, हेही पाहिले पाहिजे. आपल्या भाषेत तो प्रश्न जातीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटते ते नेवासा तालुक्यातले तरवडी. ‘दीनबंधू’कर्ते कृष्णराव भालेकर यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी 1910 मध्ये ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक काढले. आधी सोमठाण्याहून आणि मग तरवडीहून. ते 1967 मध्ये वारले, तोवर ‘दीनमित्र’ आणि त्यांचे नाव एकमेकांना जोडलेले राहिले. रेल्वे, बाजारपेठ, वकील-डॉक्टरांचा वाचकवर्ग यांपैकी काहीही हाताशी नसताना खेड्यातून नियतकालिक चालवायचे आणि ते सावकार, कुलकर्णी, पुरोहित यांच्याविरुद्ध चालवायचे, म्हणजे गावातल्या पैसेवाल्यांना आधीच दुखवून ठेवायचे. पाठबळ होते ते सत्यशोधक चळवळीचे आणि वर्गणीदारांचे. दुष्काळ पडला की वर्गणी थकणार, हे ज्या पत्राच्या संपादकाला माहीत असते, त्याला आपल्या वाचकाच्या घरात काय शिजते हेही माहीत असते. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात ‘दीनमित्र’ची ओळख एका ओळीत उरकली जाते. वर्गणीवर उभ्या राहिलेल्या ग्रामीण पत्राचा इतका दीर्घ प्रयोग आपल्या हाती असताना आपण उदाहरणे परदेशातून आणतो, याचे मला वाईट वाटते. अर्थात तरवडीचे उदाहरण नकलेसाठी नाही. त्यामागे एक चळवळ होती आणि आयुष्य झोकून देणारा एक माणूस होता. दोन्ही गोष्टी विकत मिळत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न न्यायालयात गेला आणि तिथेही एक मराठी दैनिकच गेले. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 मध्ये सुचवले होते की, पाने आणि किंमत यांचे प्रमाण ठरवून द्यावे. म्हणजे मोठी वृत्तपत्रे जाहिरातीच्या जोरावर स्वस्तात जास्त पाने देऊन छोट्यांना मारणार नाहीत. 1956 मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि 1960 मध्ये आदेश निघाला. नानासाहेब परुळेकरांच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले. ‘सकाळ’ तेव्हा आठवड्यात पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार पाने सात नये पैशांत देत होता. रविवारचा अंक दहा पानांचा आणि बारा नये पैशांचा होता. सुमारे 40 टक्के जागा जाहिरातींची होती. ‘सकाळ’च्या काही वाचकांनीही स्वतंत्र याचिका केल्या होत्या. सप्टेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा की, जाहिरातीची जागा आवळली की किंमत वाढते, किंमत वाढली की खप घटतो आणि खप घटवणे म्हणजे विचार पोहोचवण्याचा हक्क घटवणे.

हा निकाल मी अनेकदा वाचला आहे आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजू पटतात. सरकारच्या हाती जाहिरातीची पट्टी देणे धोक्याचे होते, हे आणीबाणीत सिद्ध झाले. पण आयोगाला जी भीती वाटत होती तीही खरी ठरली. 1980 नंतर ऑफसेट छपाई आणि संगणकीय जुळणी आली, मोठ्या समूहांच्या जिल्हा आवृत्त्या निघाल्या, तालुक्यांची स्वतंत्र पाने झाली. नगरची ‘समाचार’, ‘नवा मराठा’ यांसारखी पत्रे आणि श्रीरामपूरचा ‘सार्वमत’ यांच्या शेजारी पुण्या-नाशिकच्या, नागपूर-कोल्हापूरच्या समूहांचे अंक येऊन बसले. वाचकाला गावची बातमी रंगीत पानावर मिळू लागली, हा मोठाच लाभ होता. त्याच वेळी अंकाची किंमत कागद आणि छपाईच्या खर्चाच्याही खाली गेली आणि उरलेला भार जाहिरातीवर पडला. तो भार तालुक्यापर्यंत वाटून दिला गेला. सेवंती निनान यांनी ‘हेडलाइन्स फ्रॉम द हार्टलँड’ या 2007 च्या पुस्तकात हिंदी पट्ट्यातल्या वार्ताहराचे जे चित्र काढले, बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा एकच, ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडते.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांत ढोबळमानाने तीन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे जाहिरातीनेच वृत्तपत्राला सरकार आणि पक्ष यांच्यापासून मुक्त केले: अनेक जाहिरातदार असले की कोणा एकाची मिजास चालत नाही, संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग यांच्यात भिंत ठेवली की पुरे. दुसरे मत जेम्स करन या ब्रिटिश इतिहासकाराने ठामपणे मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटनमधले वृत्तपत्रांवरचे कर उठल्यावर कोणते पत्र जगेल हे ठरवण्याची सत्ता जाहिरातदारांकडे गेली, असे त्याचे म्हणणे. 1964 मध्ये कामगारवर्गाचे ‘डेली हेरल्ड’ बंद झाले तेव्हा त्याचा खप बारा लाखांच्या वर होता. पण ते वाचणाऱ्यांच्या खिशात जाहिरातदारांना रस नव्हता. हर्मन आणि चॉम्स्की यांनी 1988 मध्ये जाहिरातीला बातमीच्या गाळण्यांपैकी एक म्हटले ते याच वळणाचे. तिसरे मत वाचकाच्या पैशावर उभ्या असलेल्या पत्राचे आहे. तरवडी त्याच्यात बसते.

पहिले मत जिल्ह्यात का टिकत नाही, हे वर सांगितलेच. इथे जाहिरातदार अनेक दिसतात, पण पतसंस्था, महाविद्यालय, दूध संघ आणि कारखाना यांच्या जाहिरातींमागचे घर बऱ्याचदा एकच असते. आणि भिंत बांधायला दोन विभाग लागतात. तालुक्यात एकच माणूस आहे. भिंत त्याच्या मनातून जाते आणि ती उभी ठेवण्याची किंमत तो एकटा मोजतो. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. मानधन आणि कमिशनवर काम करणाऱ्या या माणसाच्या घरात त्यातले फारसे काही आलेले नाही.

छोट्या पत्रांचा सर्वांत मोठा जाहिरातदार सरकार आहे, हे वाचकाला बहुधा माहीत नसते. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या जाहिरात यादीवर नाव असणे, श्रेणी मिळणे, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निविदा आणि नोटिसा वाट्याला येणे, यावर कित्येक साप्ताहिके आणि लहान दैनिके तग धरून आहेत. आणीबाणीत केंद्राने वृत्तपत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी करून त्याप्रमाणे जाहिराती वाटल्या, हे 1977 नंतरच्या चौकशीत उघड झाले. आज अशी यादी करायला कुणी बसत नसेलही. पण बिल सहा महिने लांबवले तरी तोच परिणाम होतो. सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये ‘कॉमन कॉज’ प्रकरणात सरकारी जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, सत्ताधाऱ्यांच्या छायाचित्रांवर मर्यादा आणल्या; पुढच्याच वर्षी मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या छायाचित्रांना पुन्हा मुभा मिळाली.

निवडणुकीतल्या ‘पॅकेज’बद्दल वाचकांना बरेच ठाऊक आहे, म्हणून त्यावर थोडक्यात. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या नावांनी छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवले. प्रकरण निवडणूक आयोगापुढे वर्षानुवर्षे चालले. आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 मध्ये रद्द केला. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने 2010 मध्ये नावांसह 71 पानी अहवाल दिला. कौन्सिलने तो पूर्ण प्रसिद्ध न करता त्रोटक रूप स्वीकारले. मूळ अहवाल माहिती अधिकाराखाली 2011 मध्ये बाहेर आला. आता प्रत्येक जिल्ह्यात निवडणुकीच्या काळात माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती असते. ती मतदानाच्या आधीचे काही आठवडे पाहते. उरलेली जवळजवळ पाच वर्षे कोणी पाहत नाही आणि वाढदिवसाच्या पुरवण्या त्याच काळात निघतात.

हे आताच का मांडायचे? ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. 1910 मध्ये, म्हणजे ‘दीनमित्र’ निघाले त्याच वर्षी, स्थापन झालेली ही बँक. त्या आधी आणि नंतर जिल्ह्यातल्या कितीतरी पतसंस्थांचे ठेवीदार उपनिबंधकाच्या दारात बसले. निवृत्त शिक्षक, ऊसतोड मजूर, भाजी विकून पैसे साठवणाऱ्या बायका. पतसंस्थेची पानभर जाहिरात वाचून ठेव ठेवणारा माणूस त्या जाहिरातीवर विश्वास ठेवत नसतो. ती ज्या वृत्तपत्रात आली त्या वृत्तपत्रावर ठेवत असतो. लेखापरीक्षणाच्या अहवालात काय म्हटले होते, थकीत कर्जे कोणाच्या नावावर होती, हे त्याला वेळेत कळले असते तर काही घरे वाचली असती. हीच गोष्ट दवाखान्यांची, क्लासेसची आणि असाध्य रोग हमखास बरे करणाऱ्या औषधांची. त्या औषधांच्या जाहिरातींवर 1954 चा कायदा आहे. तरीही त्या छापल्या जातात.

त्यातच कोरोनाकाळात पाने घटली, माणसे कमी झाली आणि जाहिरात मोबाइलकडे सरकली. गावोगावी यूट्यूब वाहिन्या आणि पोर्टल निघाली. त्यांतल्या काही जणांनी छापील पत्रांनी टाळलेले विषय हाती घेतले, याचे मी मनापासून कौतुक करतो. पण शुभेच्छांच्या पट्ट्या तिथेही त्याच लोकांच्या आहेत आणि तिथे तर बातमीदार, संपादक, मालक आणि वसुली करणारा असे चारही जण एकाच शर्टात आहेत.

या पुस्तकात दोषींची यादी नाही. वार्ताहर, आवृत्तीप्रमुख, छोट्या साप्ताहिकांचे मालक, अंकविक्रेते आणि जाहिरात देणारे संस्थाचालक यांच्याशी झालेल्या बोलण्यातून पैशाची वाट समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. बोलणाऱ्यांची नावे घातलेली नाहीत, कारण त्यांना त्याच तालुक्यात राहायचे आहे. संस्थाचालकांचे म्हणणे मुद्दाम घेतले आहे. जाहिरात दिली नाही तर विरोधी बातमी येईल, या धास्तीने पैसे देणारेही पुष्कळ आहेत आणि तीही पत्रकारितेची तितकीच मोठी बदनामी आहे. जुने अंक पाहताना बातमीबरोबर त्याच दिवसाच्या जाहिरातीही नोंदवल्या आहेत. उपाय सुचवताना हात आखडता घेतला आहे, तरी तीन गोष्टींबद्दल मला शंका उरलेली नाही. बातमी आणणाऱ्याकडून जाहिरातीचे टार्गेट काढून घेतले पाहिजे. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक ओळीवर ‘जाहिरात’ असा शब्द वाचता येईल एवढ्या टायपात असला पाहिजे. आणि कोणत्या सरकारी कार्यालयाने कोणत्या पत्राला किती रुपयांच्या जाहिराती दिल्या, हे दरवर्षी आपणहून जाहीर झाले पाहिजे. माहितीच्या अधिकारासाठी राळेगणसिद्धीहून लढा उभा राहिला, त्या जिल्ह्यात ही माहिती अजून अर्ज करून मागावी लागते.

वाचकांना एक विनंती. या लेखांतली माणसे कोण, असा तर्क करत बसू नका. आपल्या तालुक्यात येणारे कोणतेही एक वृत्तपत्र महिनाभर जपून ठेवा, रद्दीत घालू नका. महिन्याच्या शेवटी बातम्या आणि जाहिराती शेजारी मांडून पाहा आणि जे दिसेल ते संपादकाला पत्राने कळवा. पत्र छापून आले नाही, तर दुसरे लिहा. आणि ज्या पत्राने तुमच्या कारखान्याची, तुमच्या बँकेची खरी बातमी नावानिशी छापली, त्याची वर्गणी थकवू नका.